घरी बांधलेल्या विमानात रात्रीसाठी कॉकपिटचे दिवे: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात हिंगणा रोडवरच्या एका शेडमध्ये बसलो होतो, तिथे एक मुलगा दोन सीटचं किट बांधून राहिला, त्यानं विचारलं, काका, कॉकपिटात लाल एलईडी लावू की पांढरा? मी म्हटलं रंगाचं नंतर पाहू, आधी सांग तुझा दिवा किती मंद होतो. तो पाहतच राहिला. मला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता तर माझे तीन महिने आणि भोकं पाडून वाया घालवलेलं एक अख्खं पॅनल, म्हणजे उपकरणं बसवायचा समोरचा पत्रा, वाचलं असतं, म्हणून हे लिहून काढतोय.

मी मूळचा नागपुरातल्या महाल भागातला. नोकरीसाठी नऊ वर्षं टेक्सासला होतो, तिथे गॅरेजमध्ये आरव्ही-९ए नावाचं दोन सीटचं विमान बांधलं आणि त्यात रात्रीही भरपूर उडालो, आता परत नागपुरात आहे. लायसन्स असलेला मेकॅनिक मी नाही, त्यामुळे खाली जे आहे ते बांधून, चुकून, परत उघडून शिकलेलं आहे.

आणि नागपूरच्या माणसाला रात्रीच्या विमानांचं वेगळंच काहीतरी वाटतं. माझे आजोबा टपाल खात्यात होते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, यायची, इथे पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आजोबा सांगायचे की विमान धावपट्टीकडे निघालं की वरच्या काचांमधून काहीच दिसायचं नाही, आत माणूस आहे की नाही तेही कळायचं नाही इतका अंधार. लहानपणी ते भुताच्या गोष्टीसारखं वाटायचं. स्वतः उडायला लागलो तेव्हा समजलं की ते लोक दिवे जेमतेम दिसतील इतके खाली आणून ठेवत असणार.

१. आधी कागद पाहा, मग दिवे

भारतात सूर्यास्तानंतर व्हीएफआर उड्डाण (बाहेर डोळ्यांनी बघत केलेलं) करता येत नाही, एटीसीनं म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणानं सूट दिलेली लोकल उड्डाणं आणि फ्लाइंग क्लबची ट्रेनिंग सोडून. तुमच्या घरी बांधलेल्या विमानाला डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडून, जी परवानगी मिळेल तिच्यातल्या अटी शब्दन् शब्द वाचा. इथे बांधणाऱ्या बऱ्याच जणांना रात्रीचं उड्डाण मिळेलच असं नाही, पण वायरिंग उघडं आहे तोवर दिव्यांची सोय करून ठेवा. संध्याकाळी उशीर झाला तर तुम्हालाच लागेल, आणि नंतर पॅनल काढून तारा ओढणं फार जिवावर येतं.

अमेरिकेत बांधत असाल तर एक्सपेरिमेंटल (घरी बांधलेल्या) विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये, म्हणजे उडवण्याच्या अटींमध्ये, साधारण असं लिहिलेलं असतं की फेज वन म्हणजे सुरुवातीची चाचणी उड्डाणं संपल्यावर तिथल्या नियम ९१.२०५ प्रमाणे सामान असेल तरच रात्री उडा, नाहीतर फक्त दिवसा. आता गंमत अशी की त्या ९१.२०५ मध्ये रात्रीच्या व्हीएफआरसाठी पोझिशन लाइट (पंखांच्या टोकांचे आणि शेपटीचे दिवे), अँटी-कोलिजन लाइट (लुकलुकणारा दिवा), पुरेसा वीजपुरवठा, जादा फ्यूज आणि भाड्यानं चालवत असाल तर लँडिंग लाइट एवढंच येतं. पॅनलच्या उजेडाचा तिथे उल्लेखच नाही. बरेच नवीन लोक ती यादी पूर्ण करतात आणि समजतात झालं आपलं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचं ॲनेक्स ६ मात्र स्पष्ट सांगतं की सुरक्षित उड्डाणाला लागणाऱ्या सगळ्या उपकरणांवर उजेड हवा आणि प्रत्येक क्रू मेंबरच्या जागी वेगळा, हातात धरता येणारा दिवा हवा. मी तेच माप धरलं, तुम्हीही तेच धरा.

जवळ ठेवायचे कागद: परवानगी किंवा ऑपरेटिंग लिमिटेशन्सची प्रत, स्वतः काढलेला वायरिंग डायग्राम (वहीत हातानं काढलेला चालेल पण तारांना नंबर हवेत), इलेक्ट्रिकल लोडचा हिशोब म्हणजे कोणता दिवा किती अँपिअर खातो, आणि बसवलेल्या प्रत्येक वस्तूची लॉगबुकात नोंद.

सामान: मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल (चांगलं घ्या, इथे पैसे वाचवू नका), सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक, १२ व्होल्टची बॅटरी, काळा मॅट रंग, जाड पुठ्ठा किंवा प्लायवूड आणि दोन टॉर्च.

२. डोळा कसा चालतो ते समजून घ्या, हे टाळू नका

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात, रंग आणि बारीक अक्षरं त्यांनीच दिसतात. दंडपेशी अंधारात काम करतात, त्यांना रंग कळत नाही. अंधारात गेल्यावर शंकूपेशी दहाएक मिनिटांत जुळवून घेतात पण दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास लागतो, आणि एक भपकन उजेड डोळ्यावर पडला की तो अर्धा तास गेला. शिवाय नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच, म्हणून रात्री दूरचं मंद काही पाहायचं असेल तर त्याच्याकडे सरळ न बघता ५ ते १० अंश बाजूला बघायचं. फिक्का तारा सरळ पाहिला की गायब होतो ना, तेच.

दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, लाल दिव्याची सगळी परंपरा इथून आली. पण लाल असो की पांढरा, फार प्रखर असेल तर नुकसानच.

हे वाचून पटणार नाही, अनुभव घ्या. आपल्या नागपूरकरांना तर सोपं आहे, पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, गाडीनं दोनेक तासांत पोचता. जंगलात शिरायची गरज नाही, बाहेरच्या एखाद्या गावात मुक्काम करा, सगळे दिवे बंद करून अर्धा तास बसा आणि मग फक्त मोबाइलचा स्क्रीन दोन सेकंद पाहा. परत आकाशाकडे बघितल्यावर किती तारे गेले ते मोजा. कॉकपिटात याच चुकीनं धावपट्टीजवळचा डोंगर आणि ढग दिसेनासे होतात.

अजून एक, उंचीवर ऑक्सिजन कमी झाला की सगळ्यात आधी रात्रीची नजर मंदावते. म्हणून रात्री ५,००० फुटांच्या वर ऑक्सिजन वापरायचा सल्ला देतात, दिवसापेक्षा बराच खाली. सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास आणखी लवकर.

३. भोकं पाडायच्या आधी पुठ्ठ्याचं पॅनल करा

ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. मी कागदावर ठरवून प्रत्येक इन्स्ट्रुमेंटच्या वर छोटे पोस्ट लाइट बसवले, पॅनलला भोकं पाडली, रंग दिला, आणि रात्री गॅरेजचे दिवे बंद करून बसलो तर अर्ध्या डायलवर काचेची चमक आणि स्विचच्या रांगेवर काळोख. ते पॅनल नंतर फेकलं.

तुम्ही असं करा. पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर पॅनलचा पूर्ण आकाराचा प्रिंट चिकटवा, इन्स्ट्रुमेंटच्या जागी जुन्या घड्याळाच्या काचा किंवा ॲक्रिलिकचे तुकडे लावा म्हणजे चमक कळेल, वर ग्लेअरशिल्डसाठी (पॅनलच्या वरचं छज्जासारखं झाकण) पुठ्ठ्याची पट्टी. घरातल्या कोणत्याही बिनखिडकीच्या खोलीत ठेवा, सीटच्या उंचीवर डोळा येईल असे बसा, बॅटरीला दिवे जोडा आणि अर्धा तास अंधारात बसूनच मग बघा. घाईत पाच मिनिटांनी बघितलं तर दिवा कमी वाटतो, मग माणूस मोठा दिवा घेतो आणि पस्तावतो.

४. दिव्याचे प्रकार, आणि माझं मत

ग्लेअरशिल्डच्या खालच्या कडेला लपवलेली एलईडी पट्टी, म्हणजे फ्लड लाइट, नवीन माणसासाठी सगळ्यात चांगला पर्याय. एका पट्टीत सगळं पॅनल उजळतं, स्विचची लेबलंही दिसतात, बदलायला सोपं. एलईडी थेट डोळ्याला दिसता कामा नये, पुढे छोटी कड हवीच.

पोस्ट लाइट दिसायला फार सुंदर पण मेहनत जास्त आणि सावल्या पडतात. आतून उजळणारी इन्स्ट्रुमेंट सगळ्यात स्वच्छ, महाग. नकाशासाठी वाकणारा गूझनेक दिवा एक तरी ठेवा. इलेक्ट्रोल्युमिनेसंट पट्टीला एसी बनवणारा इन्व्हर्टर लागतो, त्याचा आवाज रेडिओत येऊ शकतो, मी त्या वाटेला गेलो नाही.

ईएफआयएस म्हणजे स्क्रीनवाले असाल तर तुमचा प्रश्न उलटा असतो. उजेड जास्त होतो. विकत घेण्याआधी त्याचा कमीत कमी ब्राइटनेस अंधाऱ्या खोलीत बघा, आणि आपोआप मंद होणारा सेन्सर असेल तर तो तुमच्याच फ्लड लाइटनं फसत नाही ना तेही. टॅब्लेट हा तर सगळ्यात मोठा गुन्हेगार, नाइट मोड करूनही प्रखर वाटला तर गडद फिल्म लावा. आणि स्क्रीन गेला तर बाजूच्या स्टँडबाय (राखीव) एअरस्पीडवर, म्हणजे वेग दाखवणाऱ्या डायलवर, उजेड कुठून येणार हे आत्ताच ठरवा, कारण स्क्रीन स्वतः उजळतो म्हणून लोक फ्लड लाइट लावतच नाहीत.

एक सावधानतेची गोष्ट, महायुद्धाच्या काळातली जुनी इन्स्ट्रुमेंट भंगारात मिळतात, त्यातल्या बऱ्याच डायलवर रेडियमचा रंग असायचा. तो रंग आता चमकत नाही म्हणून निरुपद्रवी वाटतो, पण चमक देणारा पदार्थ थकलेला असतो, रेडियम तसाच असतो, त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षं आहे. उघडू नका, खरवडू नका.

५. आता रंग

लाल: दंडपेशींना त्रास कमी हे खरं. पण लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही! एअरस्पीड इंडिकेटरवरची व्हीएनईची, म्हणजे कधीही ओलांडायचा नाही त्या वेगाची, लाल रेघ फिकी पडते, पिवळा आणि पांढरा आर्क (वेगाचे पट्टे) एकसारखे दिसतात. अमेरिकन सेक्शनल चार्टवर, म्हणजे वैमानिकांच्या नकाशावर, कंट्रोल टॉवर नसलेले विमानतळ मॅजेंटा (गुलाबी-जांभळ्या) रंगात छापतात, लाल टॉर्चखाली ते कागदातच विरघळतात. आणि वय चाळिशीपुढे असेल तर लाल उजेडात जवळचं वाचायला जास्त त्रास होतो, कारण डोळा लाल रंगाला थोडा वेगळा फोकस करतो. मला पंचेचाळिशीत हे चांगलंच जाणवलं, चष्मा लावूनही इंधनाचे आकडे धूसर.

हिरवा: डोळा हिरव्याला फार संवेदनशील, त्यामुळे अगदी थोड्यात भागतं. पण तोच मुद्दा उलटाही लागतो, थोडा जरी जास्त झाला तरी अंधाराची नजर जाते.

पांढरा: रंग सगळे खरे दिसतात. घ्यायचा तर वॉर्म व्हाइट, २,७०० ते ३,००० केल्विनचा. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानात नुसती पांढरी पट्टी मागितली तर बहुतेक वेळा ६,५०० वाली कूल डेलाइट हातात ठेवतात, तिच्यात निळा भाग जास्त असतो आणि नेमका तोच दंडपेशींना खुपतो. पाकिटावरचा आकडा वाचून घ्या.

मी काय केलं: फ्लड लाइट वॉर्म व्हाइट, खूप खाली मंद होणारा. गूझनेक लाल. कोणी नुसतं लाल लावून आयुष्यभर उडतात, त्यांना जमतं, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं चांगला डिमर असलेला वॉर्म व्हाइट लावावा असं मी ठामपणे सांगेन.

६. डिमर आणि वायरिंग, इथे वेळ द्या

डिमर दोन प्रकारचे. पीडब्ल्यूएम म्हणजे दिवा अतिवेगानं चालू-बंद करणारा, आणि लिनिअर म्हणजे सरळ व्होल्टेज कमी करणारा.

गाड्यांच्या सामानात मिळणारे स्वस्त पीडब्ल्यूएम डिमर मी आधी लावले होते. दोन त्रास झाले. फ्रिक्वेन्सी कमी असल्यामुळे मान पटकन वळवली की एका दिव्याच्या जागी ठिपक्यांची माळ दिसायची, आणि कॉम रेडिओत सतत घर्रर्र. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएममध्ये चालतो, एएमला असा कचरा लगेच पकडता येतो. यूएसबी चार्जर आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हरचंही तेच. सगळेच पीडब्ल्यूएम वाईट नसतात, विमानासाठी बनवलेले नीट फिल्टर करून येतात, पण घरी बनवायचं तर लिनिअर.

एलएम३१७ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, दीड अँपिअरपर्यंत चालतो. १२ व्होल्टची एलईडी पट्टी साधारण सात व्होल्टच्या खाली विझतेच, म्हणून शून्यापासून फिरणारा नॉब केला तर अर्धा नॉब वाया आणि उरलेल्या अर्ध्यात सगळी मंद-तेज कसरत. त्यापेक्षा आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर, आणि ॲडजस्टपासून ग्राउंडला १ किलोओहमचा पक्का रेझिस्टर, त्याच्या सिरीजमध्ये १ किलोओहमचा पॉट, म्हणजे नॉबनं फिरणारा रेझिस्टर. हिशोबानं साडेसहा ते साडेअकरा व्होल्टच्या आसपास मिळतं, म्हणजे पूर्ण नॉब कामाचा. पट्टी बदलली तर आकडे थोडे बदलतील, टेबलावर आधी करून बघा.

यातले सापळे:

एलएम३१७ चा मागचा धातूचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो. तो सरळ ॲल्युमिनियमच्या पॅनलला बोल्टनं आवळला की आउटपुट थेट ग्राउंड. मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि बोल्टला प्लॅस्टिकची बुशिंग घाला, मग मल्टिमीटरनं तपासा. पत्र्याला थंड ठेवायला धातू लागतोच, कारण उरलेलं व्होल्टेज उष्णतेत जातं.

पॉटचा संपर्क तुटला तर दिवा विझत नाही, उलट फुल होतो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोर उतरताना, तोंडासमोर फुल दिवा म्हणजे आंधळेपणा, त्यामुळे डिमरसोबत वेगळा ऑफ स्विच हवाच, आणि तो अंधारात न बघता बोटाला सापडेल असा.

तार २२ गेजची टेफझेल (विमानात वापरतात ती, उष्णता सहन करणारी). बाजारातली साधी पीव्हीसी तार जळाली तर विषारी धूर निघतो, बंद कॉकपिटात तो कुठे जाणार? फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, २२ गेजला पाच अँपिअरच्या वर जाऊ नका, दिव्यांना दोन-तीन अँपिअरचा पुरतो. दिव्याची ग्राउंड तार फ्रेमला कुठेही न लावता मुख्य ग्राउंडपर्यंत न्या, आणि पॉझिटिव्हसोबत पीळ घालून न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सगळे दिवे एका फ्यूजवर घेऊ नका. माझे फ्लड आणि गूझनेक सुरुवातीला एकाच कनेक्टरवर होते, तो कनेक्टर सैल होता, आणि एका रात्री बेस लेगवर, म्हणजे उतरण्याच्या चकरेतल्या शेवटून दुसऱ्या टप्प्यावर, वळताना दोन्ही एकदम गेले. गळ्यात हेडलॅम्प लटकवलेला होता म्हणून वेग दिसला. उतरल्यावर हात थरथरत होते. दुसऱ्याच दिवशी दोन वेगळे फ्यूज, दोन वेगळ्या वाटा केल्या.

आणि आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात नागपुरात ४५ च्या वर जातं, उन्हात उभ्या विमानाच्या कॅनोपीखाली (कॉकपिटवरची काच) त्याहून कितीतरी जास्त. एलईडी पट्टीच्या मागचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप अशा उन्हात हमखास सुटतो आणि पट्टी मांडीवर लोंबते. ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवून छोट्या क्लॅम्पनं आवळा.

७. छोटे दिवे विसरू नका

अल्टरनेटर फेल, फ्लॅप, ट्रिम, ऑटोपायलट, यूएसबी सॉकेटवरचा निळा ठिपका. दिवसा यांच्याकडे लक्षही जात नाही. रात्री तो निळा ठिपका मला पूर्ण कॅनोपीत दिसायचा आणि दोनदा दुसरं विमान समजून दचकलो. त्यावर काळी टेप. बाकीच्यांसाठी दिवस-रात्र असा एक स्विच आणि रात्रीच्या बाजूला सिरीजमध्ये रेझिस्टर. धोक्याचा इशारा देणारा दिवा मात्र कधीही शून्यापर्यंत मंद होऊ देऊ नका, नाहीतर नॉब खाली असेल आणि अल्टरनेटर गेलेला कळणारच नाही.

८. बॅकअप

दोन टॉर्च, त्यातली एक अंगावर. डोक्याला लावायचा लाल-पांढरा हेडलॅम्प उत्तम, पण चालू करताना आधी लाल लागतो की पांढरा ते बघून घ्या, बरेच हेडलॅम्प आधी भगभगीत पांढरे पेटतात. सेल लिथियमचे ठेवा, साधे अल्कलाइन उन्हात गळतात आणि टॉर्च आतून खराब होते.

९. हँगरमध्ये रात्र काढा

सगळं बसवल्यावर अमावास्येच्या आसपास विमानात बसा, कॅनोपी बंद करा. काचेत पॅनलचं प्रतिबिंब कुठे पडतं बघा, ग्लेअरशिल्डची वरची आणि खालची बाजू मॅट काळी करा. पांढरा शर्ट घालू नका, तोही काचेत दिसतो, मी रात्री नेहमी गडद शर्ट घालतो. रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडा आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर प्रत्येक नॉब खालपासून वरपर्यंत फिरवा, आवाज बदलला तर तिथेच शोध घ्या. सोबत जीपीएसचे सिग्नल बार बघत राहा. मग डोळे बंद करून प्रत्येक स्विचला हात लावा, हे दहा वेळा.

१०. पहिली रात्र

जिथे परवानगी आहे तिथेच, पौर्णिमेच्या आसपास, ओळखीच्या विमानतळावर, सोबत रात्रीचा अनुभव असलेला इन्स्ट्रक्टर. सूर्य मावळायच्या आधी निघा म्हणजे अंधार हळूहळू होतो आणि तुम्ही दिवे हळूहळू खाली आणता. दोन लँडिंग नेहमीसारखी करा. तिसऱ्या सर्किटला (धावपट्टीभोवतीची चक्कर) डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट जाताना, इन्स्ट्रक्टरला सांगून पॅनलचे दिवे बंद करा आणि हेडलॅम्पवर उतरा. उतरल्यावर इंजिन बंद करायच्या आधी फ्लड लाइटचा नॉब जिथे बरा वाटला तिथे पेन्सिलनं खूण करा. पुढच्या वेळी टॅक्सी करतानाच नॉब तिथे ठेवायचा.